सासूबाईंना वाळवंटात न्या, उड्या मारणाऱ्या गाडीत नको

एका वाचक भगिनीचं पत्र:

"पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण सहलीला निघतोय. त्यात एका संध्याकाळी चार-पाच तासांची डेझर्ट सफारी आहे. आधी वाळूच्या टेकड्यांवरून गाडी पळवतात, म्हणजे ड्यून बॅशिंग, आणि मग सँडबोर्डिंग, म्हणजे फळीवरून वाळूत घसरणं. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालंय, गोळ्या चालू आहेत. मुलगी १५ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. मला स्वतःला गाडी लागते. आईंना हे झेपणार नाही असं मी म्हटलं, तर त्या हिरमुसल्या. 'तुम्ही जा, मी बसते खोलीत,' म्हणाल्या. नवरा म्हणतो, एवढे लोक जातात, कुणाला काही होत नाही. मी काही बोलले की रंगाचा बेरंग केल्यासारखं होतं. काय करू? – एक सूनबाई"

प्रिय सूनबाई,

तुम्ही बेरंग करत नाही आहात. घरात कुणीतरी हा विचार करायलाच हवा होता, तो तुम्ही केलात.

आधी सरळ उत्तर देते. सासूबाईंनी टेकड्यांवरून उड्या घेणाऱ्या गाडीत बसू नये. "ड्रायव्हरला हळू चालवायला सांगू" हा यावर तोडगा नाही. का, ते पुढे सांगते. पण त्यांना खोलीत ठेवून तुम्ही चौघांनी जाणं हेही मला पटत नाही. वाळवंट बघणं आणि वाळूत गाडी उडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहलीच्या कागदावर त्या एका ओळीत छापलेल्या असतात, म्हणून आपल्याला वाटतं की घेतलं तर सगळं घ्यायचं, नाहीतर काहीच नाही.

वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वारा जिकडून येतो ती बाजू लांबलचक, सौम्य चढाची, बऱ्यापैकी दाबून बसलेल्या वाळूची. माथ्यापलीकडे, वाऱ्याच्या आडोशाची बाजू एकदम खाली जाते. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांच्या उतारावरच टिकते, त्याहून तीव्र उतार झाला की आपोआप घसरायला लागते. म्हणून ती बाजू कायम घसरणीच्या काठावर असते. ड्रायव्हर वेग धरून चढतो, कारण वेग गेला की चाकं रुततात. माथ्याशी क्षणभर समोर नुसतं आभाळ दिसतं, मग गाडीचं नाक खाली जातं आणि पोटात गोळा येतो. लोक जातात ते या क्षणासाठी, आणि त्यात खरोखर मजा आहे. मी ती नाकारत नाही.

धोका त्या गोळ्यात नाही. तो आहे खाली, जिथे एक उतार संपून दुसरा चढ सुरू होतो तिथे. गाडी त्या खोलगट जागेत आपटते. आपलं शरीर सीटवरून जरासं उचललेलं असतं, ते खाली येत असतं आणि नेमकी त्याच वेळी सीट वर येत असते. हा दणका खालून वर, थेट कण्यातून जातो. सीटबेल्ट माणसाला पुढे फेकलं जाण्यापासून आणि छतावर आदळण्यापासून वाचवतो, खालून येणारा दाब तो अडवू शकत नाही. त्यात माणूस पुढे वाकलेला असेल तर मणक्याची पुढची कड दबते. पाठ जिथे संपते आणि कंबर सुरू होते, त्या सांध्यापाशी असे मणके सगळ्यात जास्त दबतात. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाचा मणका भरलेली बादली उचलतानासुद्धा दबू शकतो, कधी नुसत्या जोराच्या शिंकेनंही. हळू चालवणारा ड्रायव्हरसुद्धा वाळूतला प्रत्येक खड्डा आधी पाहू शकत नाही. असा एक दणका सासूबाईंना पुरेसा आहे.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून माझं सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सफरीत मी शेवटच्या रांगेत बसले होते. पट्टा लावलेला होता, तब्येत ठणठणीत होती. तिसऱ्या की चौथ्या टेकडीनंतर गाडी खाली टेकली आणि मी माकडहाडावर अशी आपटले, की डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकीचे ओरडत होते, हसत होते, त्यामुळे मी गप्प राहिले. पुढचे तीन आठवडे मला उशी घेतल्याशिवाय बसता येत नव्हतं. "थांबवा" म्हणायला मला लाज वाटली होती, याचं आजही वाईट वाटतं. मागच्या चाकांच्याही मागे असलेली ती रांग म्हणजे सी-सॉच्या टोकावर बसण्यासारखं आहे. सगळ्यात मोठा झोका तिथे बसतो. आपल्यापैकी कुणीही तिथे बसू नका, निरोगी माणसानंही. मधली रांग किंवा ड्रायव्हरशेजारची जागा मागून घ्या.

यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एवढे लोक जातात, आणि बहुतेक जण हसत परत येतात. पण गर्भवती, पाठीचं किंवा मानेचं ऑपरेशन झालेले, स्लिप डिस्कवाले, हृदयविकार असलेले आणि ठिसूळ हाडांचे लोक त्या बहुतेकांत मोजायचे नसतात. सफरीआधी सहीसाठी पुढे केलेला कागद नीट वाचायला सांगा त्यांना. अशा कागदांवर साधारणपणे हीच यादी असते. तरीही शंका राहिली तर सासूबाईंच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "यांच्या मणक्याला खालून वर दणके बसणारी अर्ध्या तासाची गाडी चालेल का?" नुसतं "सहलीला जाऊ का" असं विचारलंत तर उत्तर "जा की" असं येईल, आणि ते उत्तर या गाडीसाठी नसेल.

आता सोय कशी लावायची ते पाहू. सफारी घेऊन जाणाऱ्यांना आजच विचारा: टेकड्या टाळून सपाट वाटेनं वाळवंटातल्या तळावर, म्हणजे कॅम्पवर नेणारी गाडी आहे का? मागितली तर बऱ्याच ठिकाणी मिळते, फक्त आधी सांगावं लागतं. ऐनवेळी सगळे गाडीत बसल्यावर विचारलं, की "काही होत नाही हो, बसा" हेच ऐकू येतं. अशी गाडी मिळाली तर सासूबाई थेट तळावर किंवा टेकडीच्या पायथ्याशी पोचतील. नाहीच मिळाली, तर मी पाचही जणांचं ड्यून बॅशिंग रद्द करीन आणि बाकीची सफारी ठेवीन. वाळूची मजा गाडीवाचून होत नाही असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यान आहे, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या तिथे आहेत. त्या टेकड्यांवर गाड्यांना बंदी आहे. लोक पायी चढतात, फळीवरून घसरत खाली येतात आणि दिवसभर रमतात. उलट पेरूमधल्या वाकाचिनाला बग्गीत बसवून उंच टेकडीवर नेतात आणि तिथून फळीवर सोडतात. तऱ्हा दोन्ही आहेत, आपल्या माणसांना झेपेल ती निवडायची.

सपाट वाटेच्या गाडीत सासूबाईंसोबत कोण, हा प्रश्न येईलच, आणि "तुला तशीही गाडी लागते, तूच बस" असं घरात ठरून जाईल. तुम्हाला मनापासून तसं हवं असेल तर छानच. पण एकदा तो माथा बघायचा असेल तर आत्ताच बोला. परतीच्या वाटेला यजमानांनी आईंसोबत बसावं, तुम्ही मुलांबरोबर जावं. आई त्यांचीही आहे.

उंट दिसला की सासूबाई म्हणतील, "यावर तरी बसू द्या." त्यालाही नाहीच म्हणा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. पाठीवरचा माणूस एकदम पुढे फेकला जातो, मग लगेच मागे. बसताना पुन्हा तसाच हिसका, उलट क्रमानं. तोल गेला तर पडण्याची उंचीही कमी नाही. उंटाशेजारी उभं राहून फोटो काढा.

तुमच्या गाडी लागण्याबद्दल. कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो की आपण हेलकावतोय, आणि डोळे गाडीच्या आतच खिळलेले असतात. दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. तेव्हा पुढची जागा घ्या आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यातून व्हिडिओ काढणं टाळा, सगळ्यात जास्त मळमळ त्यानंच होते. दोन तास आधी हलकं काहीतरी खा. उपाशी पोटीही जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही नको. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. टेकड्या सुरू झाल्यावर घेतली तर तिचा उपयोग जवळजवळ नाही. तिनं झोप येऊ शकते, म्हणून ती पहिल्यांदा सहलीतच घेऊन बघू नका.

चांगला ड्रायव्हर कसा ओळखायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वाळू सुरू होते तिथे तो थांबतो, खाली उतरतो आणि चारही चाकांतली हवा काढतो. सुस्स असा आवाज येत राहतो, मिनिटाभरात चाक खालून पसरट दिसायला लागतं. रस्त्यावर हवेचा दाब ३० ते ३५ पीएसआय (दाबाचं माप) ठेवतात, वाळूत साधारण त्याच्या निम्म्यावर आणतात. टायर पसरला की वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू कापत खाली जाण्याऐवजी वर तरंगतं. उंटाचा पसरट तळवा हेच काम करतो. राल्फ बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९२० आणि १९३०च्या दशकांत इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन हिंडला. टायरमधली हवा कमी करायची आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, या युक्त्या त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तेव्हाच घोटवल्या. आजही तेच करतात. परतताना डांबरी रस्त्यावर चढण्याआधी ड्रायव्हर पुन्हा हवा भरतो का, तेही बघा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. हवा न काढता जो थेट वाळूत घुसतो, त्याच्या गाडीतून उतरा. पैसे गेले तर जाऊ द्या.

गाडी आतून पाहा. प्रत्येकाला स्वतःचा चालू पट्टा हवा, छताला आतून लोखंडी सांगाडा हवा आणि सोबत निदान आणखी एक गाडी हवी, कारण एकट्या गाडीला रुतल्यावर ओढायला कुणी नसतं. सुटी बाटली, कॅमेरा, पर्स मांडीवर ठेवू नका. आणि निघण्याआधीच ड्रायव्हरशी ठरवा: हात वर केला की थांबायचं. माझ्यासारखी लाज बाळगू नका.

मुलगा ७ वर्षांचा आहे, त्यामुळे त्याची उंची बघा. मोठ्यांचा पट्टा त्याच्या खांद्यावरून न जाता गळ्यावरून जात असेल तर त्याला बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक हवी. ती मिळणार नसेल तर तोही आजीबरोबर सपाट वाटेनं येईल. मांडीवर घेऊन बसणं अजिबात नको. तुमच्या हातात कितीही ताकद असली तरी त्या दणक्यात मूल सुटतं. तिथे चार चाकी क्वाड बाइकसुद्धा भाड्यानं मिळतात आणि १५ वर्षांची लेक हट्ट धरील. १६ वर्षांखालच्या मुलांनी ती चालवू नये, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. उलटली की ती वजनदार गाडी मुलाच्याच अंगावर येते. इथे मी मुळीच ढिली पडणार नाही.

सँडबोर्डिंगचं मात्र पोरांना मनसोक्त करू द्या. दिसायला ते भीतीदायक आहे, पण नीट केलं तर गाडीपेक्षा खूप सौम्य. फळीच्या खालच्या गुळगुळीत बाजूला मेण घासतात. मेणाचा खडा वरपासून खालपर्यंत पाच-सहा वेळा फिरवायचा, हाताला किंचित चिकट लागेपर्यंत. दोन घसरगुंड्यांत वाळूचे कण ते खरवडून टाकतात. फळी मध्येच अडली की मुलं म्हणतात "मला जमत नाही", खरं तर मेण संपलेलं असतं. मुलाला खडा त्याच्या हातात द्या, प्रत्येक फेरीआधी त्यानंच घासू दे. त्यातच त्याचा अर्धा आनंद आहे.

पहिली फेरी बसून, तीही टेकडीच्या एक तृतीयांश उंचीवरूनच. पुढची कड हातानं थोडी वर ओढून धरायची, नाहीतर ती वाळूत घुसते आणि माणूस पुढे भिरकावला जातो. लेकीला उभं राहायचं असेल तर गुडघे वाकवून, भार मागच्या पायावर जरा जास्त टाकून. बर्फावरची सवय असलेले पुढच्या पायावर भार देतात आणि वाळूत तोंडावर पडतात. पडायला लागलं तर मुठी मिटून कुशीवर किंवा मागे बसकण मारायची. पंजा पुढे टेकवला की मनगट मोडतं, तिथली नेहमीची दुखापत तीच. पालथं झोपून डोकं पुढे ठेवून घसरण्याचा प्रकार मुलाला करू देऊ नका. सोडण्याआधी खाली पाहा: उताराच्या पायथ्याशी मोकळी, सपाट वाळू आहे ना, एखादी गाडी, झुडूप किंवा आधी घसरलेलं कुणी तिथे नाही ना. हेल्मेट मिळालं तर घालाच.

वर न्यायला तिथे बहुधा काहीच नसतं, चढायचं आपणच. तीव्र बाजूनं सरळ चढलात तर दोन पावलं वर आणि एक खाली, दहा मिनिटांत दम निघतो. टेकडीच्या धारेवरून, पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवत जा. तिथे वाळू घट्ट असते. चार-पाच फेऱ्यांनंतर मुलं आपोआप थांबतात, कारण पाय बोलायला लागतात.

दुपार टाळलीत, हे उत्तम. मघाशी सांगितलेल्या कोलोरॅडोच्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या दुपारी वाळू ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, अनवाणी तळवा तिथे क्षणात भाजतो. संध्याकाळी तीच वाळू पायांना गार लागते, आणि सूर्य गेला की हवा इतक्या लवकर निवते की सासूबाईंसाठी शाल जवळ हवी. पूर्ण बाह्यांचे कपडे, काँटॅक्ट लेन्सऐवजी दोरी बांधलेला चष्मा, मोबाइल बंद पिशवीत. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, पाण्यानं धुवा. प्रवास विम्याच्या कागदात साहसी खेळांना संरक्षण आहे की वगळलंय, ते निघण्याआधी वाचा. बऱ्याच पॉलिसीत ते वेगळं घ्यावं लागतं.

आणि हे लक्षात ठेवा: कुणाच्याही पाठीत एकाएकी तीव्र कळ आली, पाय बधिर झाले किंवा लघवी होईना, तर त्या माणसाला उठवून बसवू नका, चालवू नका. गाडी जागच्या जागी थांबवा, त्याला आहे तसं पडू द्या आणि मदत बोलवा.

सासूबाईंशी बोलताना "तुम्हाला झेपणार नाही" या शब्दांनी सुरुवात करू नका. त्या वाक्यात त्यांना फक्त आपलं वय ऐकू येतं. त्यांना आधी सांगा, की तुमच्यासाठी वेगळी गाडी ठरवली आहे आणि सूर्य बुडताना तुम्ही आमच्यासोबत वाळूवर असणार. मग डॉक्टर काय म्हणाले ते सांगा.

जाताना एक घडीची खुर्ची न्या, पाठ टेकता येईल अशी. वाळूवर खाली बसलं की ठिसूळ हाडांच्या माणसाला उठणं कठीण जातं, आणि उठवताना ओढाताण झाली तर तीही पाठीवर येते. खुर्चीचे पाय वाळूत रुततात, म्हणून खाली जाड पुठ्ठा किंवा पातळ फळी घाला. पाठ वाऱ्याकडे करा. तिरप्या उन्हात वाळूवरची एक-एक लहर उठून दिसते, आणि त्या लहरींवरून गेलेल्या एखाद्या भुंग्याची पावलं शिवणीच्या टाक्यांसारखी लांबवर जातात. खुर्ची टेकडीच्या पायथ्यापासून थोडी बाजूला ठेवा, म्हणजे घसरत येणारा नातू त्यांना वरपासून खालपर्यंत दिसेल.

तुमची,
सदरलेखिका